सात दिवसांचं उसनं

कुत्रं भुंकलं असतं तर मी सावध झाले असते. ते भुंकलंच नाही. शनिवारी संध्याकाळी मंडईतून परत येत होते. हातात मेथीच्या जुड्या, खांद्याला पिशवी. कांद्याच्या हातगाडीमागून ते आलं, डावी पोटरी धरली, सोडली आणि निघूनही गेलं. काय झालं ते मला खाली बघितल्यावर कळलं. दोन खोल खळगे, बाजूला बोटभर ओरखडा, आणि रक्त चपलेपर्यंत आलेलं.

पुढच्या दोन मिनिटांत मला चार सल्ले मिळाले. मिरचीवाल्या मावशी मूठभर तिखट घेऊन धावल्या, "भरा जखमेत, विष उतरतंय." एकाने तंबाखूच्या डबीतला चुना काढला. तिसऱ्याने हळद सुचवली. चौथा अगदी कळवळून म्हणाला, "ताई, काय पण करा, पाणी लावू नका. पाणी लागलं की माणूस पिसाळतो."

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, पण आरोग्य खात्याची भित्तिपत्रकं नोटीसबोर्डावर लावायचं काम माझ्याकडेच असतं. त्यातलं एक वाक्य डोक्यात बसलं होतं: साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. समोरच्या चहाच्या हॉटेलात भांडी घासायच्या नळाखाली पाय धरला. तिथल्या पोऱ्याने कपडे धुवायच्या साबणाची वडी दिली आणि स्वतःहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. "अजून सहा मिनिटं, काकू." पंधरा मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी समजलं. साबणाचं महत्त्व नंतर कळलं. रेबीजच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. साबणाने तव्याचं तेल निघतं तसं ते आवरण मोडतं, आणि आवरण गेलेला विषाणू पेशीत शिरू शकत नाही. पाण्याच्या भीतीचीही एक गोष्ट आहे. रोग मेंदूत पोचला की घोट घेताना घशाचे स्नायू आवळतात, म्हणून रोगी पाण्याला घाबरतो. म्हणजे पाणी टाळायला सांगणाऱ्याने परिणामालाच कारण करून टाकलं होतं.

शरीराचं पहिलं कुंपण कातडी. ती शाबूत असेल तर हा विषाणू आत येऊच शकत नाही, कुत्र्याने नुसतं चाटलं तरी बिघडत नाही. माझ्या कुंपणाला तीन ठिकाणी भगदाडं होती.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीण बाईंनी पाय बघितला आणि लिहिलं: कॅटेगरी तीन. कातडी फाटून रक्त आलं की तिसरी. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या. जखम खोल होती तरी टाके घातले नाहीत. टाके घालायच्या सुईने विषाणू आणखी आत ढकलला जाऊ शकतो, म्हणून कुत्र्याची जखम शक्यतो उघडीच ठेवतात. मग त्या म्हणाल्या, "लस आहे. सिरम, म्हणजे तयार बचावाचं इंजेक्शन, ते मात्र संपलंय. ते आजच्या आज जिल्ह्याला जाऊन घ्या."

चाळीस किलोमीटर, तेही मोटरसायकलवर, तेही त्या पायाने. माझी ऐट अजून गेली नव्हती. मी म्हटलं, "लस देताय ना? मग पुरे की. माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे. कोरोनात घरातले सगळे आडवे झाले, मला साधी सर्दी झाली नाही."

हे वाक्य मी चार वर्षं कुठे कुठे ऐकवलं असेल याची गणती नाही. सुंठ, गवती चहा, हळदीचं दूध, रोज सकाळी आवळा. प्रतिकारशक्ती म्हणजे मला कणगीतल्या धान्यासारखी वाटायची: भरत राहिलं की भरते, आणि भरलेली असली की काळजी नको.

डॉक्टरीण बाई दमलेल्या होत्या, तरी थांबल्या. "काकू, असेल चांगली. पण ती ह्या विषाणूला ओळखत नाही. आज लस दिली तर ओळख होऊन तुमच्या रक्तात औषध तयार व्हायला सात ते चौदा दिवस जाणार. मधल्या दिवसांत पोटरीत कोण बसणार राखणीला? सिरम म्हणजे ते दिवस. जा तुम्ही."

आम्ही गेलो.

जिल्ह्याच्या दवाखान्यात रात्री साडेनऊला नंबर लागला. वजन केलं, अठ्ठावन्न किलो. घोड्याचं सिरम असेल तर किलोला ४० युनिट, माणसाचं असेल तर २०. माझ्या वाट्याला घोडा आला. डॉक्टरांनी केसपेपरच्या कोपऱ्यात गुणाकार केला: २३२० युनिट. मग विचारलं, आधी कधी घोड्याचं सिरम घेतलंय का, सर्पदंशावरचं वगैरे? दमा? ॲलर्जी? शेजारी ट्रेमध्ये रिॲक्शन आली तर लागणारी इंजेक्शनं काढून ठेवली आणि ते पोटरीकडे वळले.

त्या दहा मिनिटांबद्दल फार लिहीत नाही. सिरम दंडात किंवा कमरेत देऊन मोकळं होत नाहीत, ते जखमेतच भरतात. दाताच्या खळग्यातून सुई आत, थोडं औषध, मग सुई जरा मागे घेऊन दुसऱ्या दिशेने, पुन्हा थोडं. पोटरी घट्ट फुगली. मी यजमानांच्या मनगटावर नखांचे ठसे उठवले. सिस्टर म्हणाल्या, "तुमचं नशीब पोटरीला चावलं. बोटाला चावलं असतं तर भरायला जागा पण नसते."

विषाणू लाळेबरोबर मांसात उतरलेला असतो. अजून त्याला मज्जातंतूचं टोक सापडलेलं नसतं. तेवढ्या वेळात तिथल्या तिथे त्याला धरायचं असतं. घोड्याला रेबीजची लस पुन्हा पुन्हा टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात. प्रतिपिंड म्हणजे एक प्रथिन. ते विषाणूच्या बाहेरच्या काट्यांना चिकटतं आणि त्याला पेशीला धरू देत नाही. एका प्राण्याच्या रक्तातला बचाव दुसऱ्याला देता येतो, हे बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये दाखवलं. वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल १९०१ साली बेरिंगला मिळालं ते याच सिरमच्या कामासाठी. मला आपली शेजारणीकडून वाटीभर पीठ आणण्याची आठवण झाली. आपलं दळण येईपर्यंत चालून जातं. पण हे उसनं पीठ संपणारच. शरीराला घोड्याची प्रतिपिंडं वापरता येतात, घडवता येत नाहीत.

मग लस. मोठी सुई समोर येईल म्हणून डोळे मिटले होते, तर दोन्ही दंडांवर कातडीत आडवी, जेमतेम टोचलेली बारीक सुई. प्रत्येकी ०.१ मिली. कातडीवर मसुराएवढा फुगवटा आला, त्यावर संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं दिसत होती. एवढंच? मला वाटलं औषध वाचवताहेत. खरं तर वाचवतातच, पण त्यामागे शास्त्र आहे. स्नायूपेक्षा कातडीत पहाऱ्यावरच्या पेशी दाट असतात. पाउल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने १८६८ साली त्या फांद्याफांद्यांच्या पेशी पहिल्यांदा बघितल्या आणि त्याला वाटलं, या मज्जातंतूच्याच असणार. त्यांचं खरं काम कळायला शंभरेक वर्षं गेली. आलेला परका पदार्थ गिळायचा, त्याचे तुकडे करायचे आणि ते घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे काखेतल्या-जांघेतल्या गाठीत, जाऊन दाखवायचे. जिथे बघणारे जास्त, तिथे थोडी लस पुरते. सरकारी दवाखान्यात ही पद्धत: त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत घेतली तर पाच डोस असतात. आमच्या शेजाऱ्यांनी पाच घेतले होते, त्यामुळे "तुला एक कमी दिला" असं ते मला महिनाभर बजावत राहिले.

घरी आले तर सासूबाई जाग्या. त्यांचा पहिला प्रश्न, "पोटात दिली का गं चौदा?" त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी ती मिळाली होती. बेंबीभोवती रोज एक. तो तेरा दिवस रडला आणि चौदाव्या दिवशी दवाखान्यातून पळाला, हे त्या हसत सांगतात. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. डेव्हिड सेंपलने १९११ साली कसौलीत ती पद्धत बसवली आणि आपल्याकडे ती थेट २००४ च्या अखेरीपर्यंत चालली. तिचा खरा धोका सुयांचा नव्हता. लशीत विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूतले पदार्थही असायचे, आणि आपल्या मज्जातंतूंवरचं वेष्टण त्यांच्याशी मिळतंजुळतं. शरीर मेंढीच्या वेष्टणावर चिडायचं ते कधीकधी स्वतःच्याही वेष्टणावर चालून जायचं. काहींना त्यातून लकवा व्हायचा. हे मला नंतर कळलं, पण सासूबाईंना ते आपल्या परीने माहीत होतं. "लस लागून पाय गेलेले पण बघितलेत मी," त्या म्हणाल्या आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी पोटरी लाल, गरम, टरारलेली. ठणका मांडीपर्यंत. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डोसाला गेले तेव्हा मी जवळजवळ रडवेली होते. जखम चिघळली, आता काय? सिस्टरनी हात लावून बघितला. "थोडी सूज असणारच. वाढली, पू वाढला, ताप आला तर या."

लाली, सूज, ऊब, ठणका. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात हीच चार लक्षणं लिहून ठेवली आहेत. मी आजवर त्यांना रोग समजत होते, पण हा तर बंदोबस्त होता. जखमेतल्या पेशी रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या सैलावतात म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंतीतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात म्हणून सूज. आधी येतात त्या न्यूट्रोफिल पेशी. समोर दिसेल तो जंतू गिळायचा, त्याला मारायचं आणि आपणही मरायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. मागून मोठ्या भक्षक पेशी येतात आणि सगळं झाडून नेतात. या मंडळींना ओळखपाळख लागत नाही, कुत्र्याच्या तोंडातल्या जिवाणूंसाठी त्या बऱ्याचशा पुरतात, बाकी गोळ्या.

पण रेबीजचा विषाणू त्यांच्या वाटेला फारसा जातच नाही. तो रक्तातून फिरत नाही. स्नायूतून मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि आतल्या आत, तंतूच्या नळीतून, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा चालीने वर सरकतो. मज्जातंतूच्या आत शरीराचा पहारा विरळ. जाताना तो तंतूची मोडतोडही करत नाही, त्यामुळे ठणका नाही, सूज नाही, कुठे बोंब नाही. शरीराला त्याचा पत्ता लागतो तोवर तो मेंदूत असतो. ताप नाही म्हणून मी आधी खूश होते. हे वाचल्यावर ताप नसण्याचीच भीती वाटायला लागली.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी उठल्याबरोबर एक घोट पाणी पिऊन बघायची. घसा आवळतो का? कोणाला सांगितलं नाही. यजमानांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशीपासून माझ्या उशाशी तांब्या भरून ठेवायला लागले.

कॉलेजातले जीवशास्त्राचे सर बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला आले. मी त्यांच्यावर सगळे प्रश्न ओतले. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या ग्रंथालयात पुस्तकं किती?"

"अकरा हजार."

"शरीरातल्या ग्रंथालयात कोट्यवधी. प्रत्येक बी पेशी म्हणजे एक पुस्तक. प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या घडणीचं प्रतिपिंड. जगात अजून जन्माला न आलेल्या जंतूला बसेल असंही एखादं त्यात निघतं. पण एकेका पुस्तकाच्या प्रती मोजक्याच, आणि तुमच्यासारखा ग्रंथपाल तिथे नाही."

"मग पुस्तक सापडतं कसं?"

"वाचक फिरत राहतो. दंडातून निघालेली ती पहारेकरी पेशी लशीचे तुकडे घेऊन काखेतल्या गाठीत बसते. समोरून टी पेशी, म्हणजे बचावातल्याच दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी, जात असतात, एकेक येऊन चाचपून बघते. लशीतला अख्खा विषाणूही पाझरत तिथे येतो, तो बी पेशी अंगावर घेऊन बघतात. हजारांना जमत नाही, एखादीला जमतं. दोन्हीकडून जमलं की त्या बी पेशीच्या प्रती निघायला लागतात, आणि प्रत्येक प्रतीत बारीक दुरुस्त्याही होतात. जास्त घट्ट बसणारी टिकते, बाकीच्या रद्दीत. मग त्यातल्या काही पेशी कारखाना होऊन प्रतिपिंडं ओतायला लागतात. शोध, छपाई, दुरुस्ती, यालाच ते सात ते चौदा दिवस."

हे मला पटलं, कारण मी रोज हेच करते. पुस्तक ग्रंथालयात आहे हे माहीत असणं आणि ते वाचकाच्या हातात पडणं, यात केवढं अंतर असतं ते बाहेरच्याला कळत नाही. माझ्या सुंठीने आणि आवळ्याने त्या कपाटातलं एक पुस्तक शोधलं जाणार नव्हतं. कोरोनातून मी सुटले त्यात माझं कर्तृत्व किती, याचाही फेरविचार करावा लागला. तो मी अजून मोठ्याने बोलून दाखवलेला नाही.

सरांनीच पाश्चरची तारीख सांगितली: ६ जुलै १८८५. योझेफ माइस्टर, नऊ वर्षांचा मुलगा, आल्सासहून आईबरोबर पॅरिसला आणलेला, अंगावर ठिकठिकाणी चावे. रेबीज झालेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून पाश्चरने लस केली होती, तिच्या दहा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या. मुलगा वाचला. चावल्यानंतर लस देणं हा तसा उलटा प्रकार. बहुतेक लशी आधी घ्यायच्या. हे जमतं ते विषाणू सावकाश चालतो म्हणून. लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. तेवढ्यात छपाई पुरी झाली तर झाली. एकदा लक्षणं दिसली की मात्र माणूस जवळपास कधीच वाचत नाही. चावा डोक्याच्या जितका जवळ तितकी मुदत कमी. पोटरीला चावल्याबद्दल सिस्टर मला नशीबवान म्हणाल्या होत्या त्याचा हा दुसरा अर्थ.

पाचव्या दिवशी डाव्या जांघेत सुपारीएवढी गाठ लागली, दाबली की दुखणारी. मी घाबरून सासूबाईंना दाखवली. "अगं, अवधाण आलंय. पायाला लागलं की येतंच." त्यांनी त्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही. शेतात उभा जन्म गेलेल्या बाईला लसिका ग्रंथी हा शब्द नको होता. पायाकडून येणारा सगळा पाझर जांघेतल्या गाठीत गाळला जातो. तिथे काम वाढलं की ती फुगते. काखेतही हात लावून बघितला तर बारीकसं काही लागत होतं. सरांचे वाचक तिथे फिरत असणार. मला त्या गाठींचा उगाच लळा लागला.

सातव्या दिवशी तिसरा डोस. त्या दिवशी मी कामावर रुजूही झाले.

नवव्या दिवशी सकाळी अंगभर गांधी. पोट, मांड्या, सगळीकडे लाल चकंदळं, आणि दोन्ही गुडघे धरलेले. आता मात्र यजमान घाबरले. परत जिल्हा. डॉक्टरांनी तारीख बघितली, बोटं मोजली आणि शांतपणे म्हणाले, "घोड्याचं सिरम. कोणाकोणाला होतं." खाज कमी व्हायची गोळी दिली. "लस थांबवायची नाही. आणि गावात कोणी स्टेरॉइड देऊ केलं तर माझ्याशी बोलल्याशिवाय घ्यायचं नाही. त्याने शरीराचं काम मंदावतं, ते आत्ता परवडणार नाही."

म्हणजे झालं असं. पहिल्या रात्रीपासून पोटरीत बसून माझी राखण करणाऱ्या घोड्याच्या प्रथिनांचीही माझ्या शरीराने तुकडे-तपासणी केली होती. त्यांचंही पुस्तक शोधलं, छापलं, आणि आठ-नऊ दिवसांत प्रतिपिंडं तयार. दोन्हींच्या जुड्या रक्तात फिरून कातडीत नि सांध्यांत अडकल्या, म्हणून गांधी नि गुडघे. व्हिएन्नात फोन पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी घटसर्पाचं सिरम दिलेल्या मुलांत हेच बघितलं आणि १९०५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी पिर्केने 'ॲलर्जी' हा शब्द काढला. उपकारकर्ता आणि चोर यांत शरीर फरक करत नाही. त्याला आपलं आणि परकं एवढंच कळतं, आणि सासूबाईंच्या मेंढीच्या लशीत तर तेवढंही धड कळलं नव्हतं.

गंमत म्हणजे त्या गांधींनी माझी भीती गेली. नव्या परक्याला ओळखून नवव्या दिवशी एवढं रान उठवणारं शरीर लशीतल्या विषाणूलाही विसरलं नसेल, असं मला वाटलं. डॉक्टरांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तसा हिशोब नसतो हो." पण हसले. चार-पाच दिवसांत गांधी बसल्या, गुडघेही सुटले. सकाळचा पाण्याचा घोट मी कधी बंद केला तेही आठवत नाही.

कुत्रं काही सापडलं नाही. नगरपालिकेत तक्रार दिली, तिथल्या माणसाने रंग विचारला. मी म्हटलं, तपकिरी. त्याने लिहून घेतलं: तपकिरी. चावलेलं कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात. माझ्याकडे तो पुरावा नाही. त्यामुळे त्या शनिवारी माझ्या पोटरीत खरोखर काही उतरलं होतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचा डोस आमच्याच गावच्या दवाखान्यात घेतला. त्याच डॉक्टरीण बाई होत्या. दोन्ही दंडांवर मसूर उठले. त्यांनी कार्डावर चौथी सही केली आणि कार्ड माझ्या हातात देता देता म्हणाल्या, "हे जपून ठेवा, काकू. आता छापलेल्या प्रती आत राहतात."

छापलेल्या प्रती? मी बघतच राहिले. सर त्यांना अकरावीला शिकवायला होते म्हणे.

"म्हणजे पुन्हा चावलं तर?"

"जखम धुवायची तशीच, पंधरा मिनिटं. पण सिरम नाही. आज आणि तिसऱ्या दिवशी, दोनच डोस. दोन-चार दिवसांत आतलं काम सुरू होतं, उसनं लागत नाही."

कार्ड मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. मंडईतून येताना अजूनही कांद्याच्या गाडीच्या पलीकडून वळसा घालते.